दोनशे तेवीस गाठी

सूर्यचंद्राच्या भानगडींची बातमी अख्ख्या नागपुरात सर्वांत आधी लागायची ती आमच्या घरमालकांना, आणि उमरेडची मोटार सुटल्याची सर्वांत शेवटी लागायची तीही त्यांनाच. आणखी चार वर्षांनी सूर्याचं काय होणार आहे हे ते ओट्यावर बसून, विडी ओढता ओढता सांगत. पण मेहुण्याच्या मुलीचं लग्न आज आहे की काल होऊन गेलं, हे मात्र बायकोला विचारत. उमरेडला त्यांचे सगळे सोयरे. तिकडे जायचं ठरलं की ते पहाटेपासून तयारी करत, आणि मोटार गेल्यावर अर्ध्या तासाने पिशवी हातात घेऊन सावकाश अड्ड्यावर पोचत. एकदा मी सोबत होतो. रिकाम्या अड्ड्याकडे पाहून ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, मोटारीचं काई खरं नसते. तिचा डायवर मानूस हाये. सूर्याले डायवर नाई, म्हनून तो टायमावर येते."

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मी शाळेत भूगोल शिकवायला नागपूरला आलो आणि सक्करदऱ्याला त्यांच्या घराची पुढची खोली घेतली. मधल्या सोप्यात त्यांचा माग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात मालकांचे पाय, आणि कमरेच्या वर मालक. पहिले काही दिवस मला ते कमरेपर्यंतच माहीत होते. लुगडी विणायचा धंदा पिढीजात. त्यांच्या हातच्या काठाला गावात नाव होतं. हात चालू असताना ते कुणाशी बोलत नसत, आणि हात थांबले की दुसऱ्याला बोलू देत नसत. बोलण्याचा विषय एकच, ग्रहण. त्याला ते 'गिरान' म्हणत, आणि त्या शब्दात भीती, सुतक, पाप असलं काही नसे. लांबच्या गावी दिलेल्या लेकीचं नाव घ्यावं तसं ते घेत.

त्यांचं सगळं आयुष्य ग्रहणांनी मोजलेलं होतं. लग्न कधी झालं विचारलं तर सांगत, "चंद्राचं खग्रास झालं, त्याच्या दुसऱ्या साली." थोरला मुलगा कोळशाच्या खाणीत नोकरीला लागला तो 'संध्याकाळच्या छोट्या गिरानाच्या महिन्यात.' सदऱ्याच्या खिशात काजळी धरलेला काचेचा तुकडा कायम असे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला खिशापाशी काळा डाग होता, आणि काकू, म्हणजे आमच्या मालकीणबाई, तो डाग धुता धुता सूर्यालाच बोलत. कुणाच्या घरी बाळ जन्मलं की सगळे मुलगा की मुलगी विचारत; मालक तिथी विचारत. कुणी गेलं की तेच. एका मयतीला त्यांनी रडणाऱ्या माणसाला हळूच विचारलं, "चतुर्दशी होती का अमावस्या लागली होती?" तो माणूस इतका चकित झाला की रडायचा थांबला.

या वेडाचं मूळ एका बाडात होतं. ग्रहणात माग चालवायचा नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. मालकांच्या आज्याने एका बाडात माग बंद राहिल्याचे दिवस लिहायला सुरुवात केली होती. अमकी तिथी, आज माग बंद, कारण सुतक. तमकी तिथी, माग बंद, कारण गिरान. आज्यानंतर बापाने लिहिलं, बापानंतर मालकांनी. मग एका साली सुताचा असा तुटवडा पडला की महिनोन्महिने माग रिकामा राहिला. रोज 'माग बंद, कारण सूत नाही' हे लिहून मालक कंटाळले आणि मागची पानं वाचत बसले. वाचता वाचता त्यांना शंका आली की या ग्रहणांत काहीतरी आवर्तन आहे, काठावरची नक्षी ठरावीक धाग्यांनी फिरून यावी तसं. माणसाला लिहून मोजता येत असतं, पण मालकांचा विश्वास हातावर. त्यांनी जाड सूत घेतलं आणि महिन्याला एक अशा गाठी मारत सुटले. चंद्रग्रहणांशी गाठी लावून पाहता पाहता एक आकडा सापडला. एका ग्रहणापासून दोनशे तेवीस पौर्णिमा मोजल्या की तसंच दुसरं ग्रहण. अठरा वर्षं आणि वर दहा-अकरा दिवस. एकदा नाही, बाडातल्या चार जोड्यांना ही गाठ बसली. मग चंद्राला जो नियम तोच सूर्याला, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तो दोनशे तेवीस गाठींचा दोर खुंटीवर असे. एकदा मी शाळेतून आलो तर अंगणात त्या दोरावर काकूंनी धुणं वाळत घातलेलं. मालक खाली उभे राहून ओल्या लुगड्याकडे पाहत होते. म्हणाले, "काय वं, हे अठरा सालं वल्ली करून टाकली तू?" काकू म्हणाल्या, "वाळतीन ना. अन् दोराले गाठी असल्या का कपडे सरकत नाई जी. पयल्यांदा कामाचा निंगाला तो."

मी नवा नवा मास्तर. मला वाटलं, माणसाला जगाचं ज्ञान द्यावं. वाचनालयातून एक जाडं पुस्तक आणलं आणि त्यांना सांगितलं की मालक, तुमचा हा अठरा वर्षांचा हिशोब बाबिलोनच्या पुजाऱ्यांना अडीच हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होता. ते मातीच्या विटांवर पिढ्यान्‌पिढ्या ग्रहणं लिहून ठेवत, आणि त्यातूनच त्यांना तो सापडला. माझी समजूत, ते हिरमुसतील. त्यांनी धोटा खाली ठेवला आणि म्हणाले, "मंग बरोबरच असन." धोटा पुन्हा उचलत त्यांनी विचारलं, "त्यायचेबी माग होते काय?" त्या दिवसापासून बाबिलोनवाले हे त्यांचे सोयरे झाले. कुणी शंका काढली की म्हणत, "माह्यं सोडा, बाबिलोनवाल्यायले विचारा."

पुस्तकातली दुसरी गोष्ट त्यांना त्याहून आवडली. चीनच्या राजाचे दोन ज्योतिषी म्हणे दारू पिऊन पडले, ग्रहणाची वर्दी द्यायची राहिली, आणि राजाने दोघांची मुंडकी उडवली. ही गोष्ट मालकांनी आमच्या गल्लीतल्या जोशीबुवांना मुद्दाम जाऊन सांगितली. जोशीबुवा पंचांग सांगत, मुहूर्त काढत. सात्त्विक आणि हुशार माणूस. ते सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "मी घेत नाही." दोघांचा वाद कायमचा. जोशीबुवा म्हणत, ग्रहण गणिताने येतं. सूर्याची गती, चंद्राची गती आणि राहूचं स्थान. राहू म्हणजे राक्षस नव्हे, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ती जागा. आपल्या जुन्या गणित्यांनी सूत्रं बांधून दिली आहेत, ती वापरा की घटका-पळांपर्यंत उत्तर येतं. मालकांचं म्हणणं, "तुमी त्याची चाल पायता, मी त्याची सवय पायतो. चाल बदलन, सवय नाई बदलत." दोघंही आपापल्या परीने खरे होते, पण हे मला फार उशिरा कळलं, आणि त्यांना तर ते सांगायची सोयच नव्हती.

मग तो पोळा आला. अठरा वर्षांपूर्वी बरोबर पोळ्याच्या दिवशी मोठं ग्रहण लागलं होतं. शिंगं रंगवलेले बैल गोठ्यातच अडकून पडले होते, हे गल्लीतल्या जुन्या माणसांना आठवत होतं. मालकांनी दोर लावला, आणि दोनशे तेविसावी गाठ पुन्हा पोळ्याच्याच अमावस्येवर आली. त्यांनी ओट्यावरून जाहीर केलं, "यंदाच्या पोळ्याले गिरान." जोशीबुवा म्हणाले, "आमच्या पंचांगात नाही." मालक म्हणाले, "छापनाऱ्याचं राहून गेलं असन."

गल्लीत दोन तट पडले. निम्म्या लोकांनी पंचांगाप्रमाणे पुरण घातलं आणि खाऊन मोकळे झाले. निम्म्यांनी मालकांच्या शब्दावर आदल्या रात्रीपासून वेध पाळले, अंघोळी केल्या, पाण्यात तुळस टाकली आणि उपाशी बसले. श्रावणातलं असूनही आभाळ अगदी धुतल्यासारखं. मालक नवं धोतर नेसून, हातात काच घेऊन ओट्यावर उभे. दुपार झाली. सूर्य जसाच्या तसा. तीन वाजले, चार वाजले. पोळा फुटायची वेळ झाली. बैलवाले विचारायला लागले की निघायचं की थांबायचं. मालक काच डोळ्यांपासून काढीनात. शेवटी सूर्य जसा उगवला होता तसा, एक कणही न गमावता, चिंचेच्या झाडाआड उतरला. उपाशी पोरं रडायला लागली होती, आणि त्यांच्या बापांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते पाहून मी दाराशी जाऊन उभा राहिलो, न जाणो मध्ये पडावं लागलं तर.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चाला, पानं मांडली हायेत." त्यांनी गुपचूप दुपारीच पुरण शिजवून ठेवलं होतं. वेध त्यांनीही पाळले होते, नवऱ्यासाठी. पण पुरण जोशीबुवांना विचारून घातलं होतं. उपाशी निम्मी गल्ली आमच्या सोप्यात जेवली. मालक मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्यांना कुणी काही म्हटलं नाही, आणि तेच त्यांना फार लागलं असावं. रात्री काकूंनी ताट पुढे ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "तुलेबी भरोसा नव्हता ना." काकू म्हणाल्या, "तुमच्यावर होता जी. सूर्यावर नव्हता."

पुढचे काही दिवस वाईट गेले. पानठेल्यावर पोरं विचारत, "काय मालक, आज हाये काय?" त्यांनी तिकडे जाणं सोडलं. दोर खुंटीवरून काढून पेटीत टाकला. बोलणंच थांबलं, आणि त्या घरात नुसता मागाचा आवाज येऊ लागला, तेव्हा मला समजलं की आपण त्या बडबडीवर किती विसंबून होतो.

असे पाच-सहा दिवस गेले. शाळेत मास्तरांच्या खोलीत इंग्रजी वर्तमानपत्र येई. त्यात एका कोपऱ्यात चार ओळी होत्या. पोळ्याच्याच दिवशी अमेरिकेत आणि आफ्रिकेत सूर्यग्रहण दिसलं होतं. मी मधली सुट्टी संपायच्या आत ते पान घेऊन घरी आलो. मालकांना अर्थ सांगितला. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग खड्ड्यातून बाहेर आले, पाय पुसले आणि म्हणाले, "म्हंजे निंगालं होतं ते घरून. आपल्याकडं आलं नाई फक्त."

का आलं नाही, हे आम्ही पुढच्या रविवारी दुपारी शोधलं. मी शाळेतला पृथ्वीचा गोल मागून आणला. पुस्तकात होतं की ते आवर्तन अठरा वर्षं अकरा दिवसांचं नाही. वर आणखी एक तिहाई दिवस आहे, म्हणजे आठ तास. त्या आठ तासांत पृथ्वी एक तिहाई फिरून जाते, आणि ग्रहण तितकंच दूर, दुसऱ्यांच्या आभाळात लागतं. मी गोल फिरवून दाखवत होतो, मालक कपाळाला आठ्या घालून पाहत होते, आणि डाळ निवडणाऱ्या काकू म्हणाल्या, "म्हंजे पाहुना येते टायमावर, पन पाळीपाळीनं तीन घरी उतरते. आपली पाळी तिसऱ्यांदा."

मालकांनी बायकोकडे असं पाहिलं की तसं त्यांनी काठाच्या नक्षीकडेही पाहिलं नसेल. मग पेटी उघडली. तीनदा दोनशे तेवीस, म्हणजे चौपन्न वर्षं आणि वर एक महिना. बाडात तितक्या मागे जाऊन त्यांनी आज्याच्या अक्षरातली एक ओळ काढली. वैशाख अमावस्या, सकाळी थोडकं गिरान, आज माग बंद. "मी पाळन्यात होतो तवा," मालक म्हणाले. त्यांनी गाठी मोजल्या, आणि उत्तर चार वर्षांपुढच्या ज्येष्ठ अमावस्येवर आलं. सकाळची वेळ.

या वेळी त्यांनी ओट्यावरून काही जाहीर केलं नाही. सरळ जोशीबुवांच्या घरी गेले, मला साक्षीला घेऊन. म्हणाले, "बुवा, हे लिहून ठेवा. खोटं झालं तर बाड सक्करदऱ्याच्या तळ्यात सोडून देईन, अन् पुन्हा सूर्याचं नाव घेनार नाई." जोशीबुवांनी समजावलं की तीन पिढ्यांचं लिखाण असं पणाला लावू नये. मालक म्हणाले, "खोटं निंगालं तर ते लिखान नाई, नुसता कागद हाये." जोशीबुवांनी तिथी लिहून घेतली. मधल्या काळात पंचांगाप्रमाणे एक-दोन ग्रहणं येऊन गेली. मालकांनी ती पाहिली, बाडात लिहिली, पण त्यांच्याशी त्यांचं फारसं नातं नव्हतं; त्या ग्रहणांचे आजे-पणजे बाडात सापडत नव्हते.

चौथ्या वर्षी गुढीपाडव्याला सकाळी सकाळी जोशीबुवा स्वतः आमच्या अंगणात आले. हातात नवं पंचांग, अजून कोरं. कुणाच्याही घरी वर्षफल वाचायच्या आधी ते इथे आले होते. त्यांनी पान उघडून मालकांसमोर धरलं. ज्येष्ठ अमावस्या, सोमवार, सकाळी सूर्यग्रहण. "मालक," जोशीबुवा म्हणाले, "आम्हाला हे आज कळलं. तुम्हाला चार वर्षांपूर्वी." मी म्हटलं, आता मालक गल्लीभर पेढे वाटतील. पण पोळ्याने ते शहाणे झाले होते. पंचांगावरून हात फिरवत म्हणाले, "छापलं म्हंजे झालं नाई, बुवा. इथून दिसलं पायजे."

ज्येष्ठ अमावस्येला उजाडलं ते काळ्या ढगांत. आदल्या संध्याकाळपासून आभाळ भरून आलेलं, सूर्य कुठल्या बाजूला आहे तेही कळेना. अंगणात परातीत हळदीचं पाणी ठेवलं होतं, त्यात सूर्याचं प्रतिबिंब पाहायचं म्हणून. त्यात नुसते ढग दिसत होते. सात वाजले. जोशीबुवा ओलेत्याने येऊन आमच्याच ओट्यावर जप करत बसले. बाड मालकांच्या मांडीवर होतं. मी म्हटलं, "मालक, पंचांगात आलंय, जगाला माहीत आहे, ढगांचा काय दोष?" ते म्हणाले, "मास्तर, आज्यानं पाहून लिहिलं. बापानं पाहून लिहिलं. मी आयकून लिहू काय?"

साडेसात झाले. उजेड कमी झाला की आम्हालाच तसं वाटत होतं, सांगता येईना. काकू गोठ्यामागे गेल्या होत्या, तिथून त्यांचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "आयकता काय जी. इकडून दिसून राह्यलं." आम्ही धावलो. ढग एका जागी विरले होते, आणि त्या पातळ ढगामागे सूर्य होता. काच नको की परात नको. एका बाजूने चांगला मोठा घास घेतलेल्या भाकरीसारखा. दोन-तीन मिनिटं दिसला असेल. जोशीबुवांनी हात जोडले. मालकांनी काच काढली नाही, फक्त काकूंच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि ढग पुन्हा मिटले तरी तसेच वर पाहत राहिले. नंतर आत जाऊन त्यांनी बाडात लिहिलं, ते मी वाचलं आहे. ज्येष्ठ अमावस्या, सकाळी गिरान, आज माग बंद. आणि पुढे, तीन पिढ्यांत कुणी लिहिले नव्हते असे दोन शब्द: माहीत होतं.

त्या दुपारी ते फार खुशीत होते. मला म्हणाले, "मास्तर, एक पाह्यलं काय? आज्याच्या वक्ताले हे थोडकं होतं अन् न्याहारीनंतर होतं. आता मोठं होऊन आलं, अन् न्याहारीच्या आंधी आलं. म्हंजे पुढच्या खेपेले लय मोठं असन, अन् अगदी सकाळी उठता उठता." गाठी मोजून झाल्या. पुन्हा चौपन्न वर्षं, एक महिना. आषाढ अमावस्या. काकूंनी विचारलं, "तवा आपून कुठं राहू जी?"

"आपून नाई राहू," मालक म्हणाले. "ते येईन." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमची उमर काय, मास्तर?" मी म्हटलं, सत्तावीस. त्यांनी बोटांवर मोजलं. "एक्याऐंशी. जमते."

दोन वर्षांनी माझी यवतमाळला बदली झाली. पत्रं येत, जोशीबुवांच्या हातची. मजकूर मालकांचा, अक्षर बुवांचं, आणि खाली कधीमधी बुवांची स्वतःची एक ओळ, 'मला हे मान्य नाही.' मग एका पत्रात मजकूरही बुवांचाच होता. मालक गेले ती साधी सप्तमी होती. त्या दिवशी आभाळात काहीही नव्हतं.

आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. साखर सोडली, तेल सोडलं, सकाळी दोन मैल चालतो. आमचे डॉक्टर तरुण आहेत, त्यांना या वयातल्या माणसाने इतकी पथ्यं पाळावीत याचं नवल वाटतं. परवा विचारत होते, आजोबा, एवढं सगळं कशासाठी? मी त्यांना सांगितलं, आणखी चार वर्षांनी आषाढ अमावस्येला सकाळी थोडं काम आहे.